आधी सोडायचं कुणी?

अर्नोल्ड टॅटरसॉलने तीस वर्षं इंग्लंडमधल्या लँकाशायरातल्या एका गिरणीगावाच्या साप्ताहिकासाठी फोटो काढले. लग्नं, बक्षीस मिळवलेले कांदे आणि दरवर्षी दोन पबांमधली रस्सीखेच. त्या गावात बायको सोडलेली एकवेळ चालायची, दोर सोडलेला नाही. सोडणाऱ्याला म्हातारपणापर्यंत टोमणे खावे लागत.

दरवर्षी रस्सीखेचीत दोर ओढणारा क्लिफर्ड आणि त्याची बायको ब्रेंडा वेगळे झाले. त्यांची सहा वर्षांची मुलगी मॉरीन कुणाकडे राहणार, हे कोर्ट ठरवणार होतं. संपादक क्रॉशॉला याचा वास लागला.

"एक हात बापाकडे, एक आईकडे. वर मथळा टाकू, प्रेमाची रस्सीखेच!" तो मिटक्या मारत अर्नोल्डला म्हणाला.

"अहो, पोर आहे ती."

"मग? पोर नसती तर कोण वाचणार होतं? जा."

अर्नोल्ड गेला. नोकरी टिकवायची होती, दुसरं काही कारण नव्हतं.

चर्चच्या आवारात त्याने त्या दोघांना मॉरीनचे नुसते हात धरायला सांगितलं. पण क्लिफर्डने सवयीने टाचा रोवल्या. तशी ब्रेंडाही मागे रेलली.

"आधी तू सोड!"

"मी का सोडू? उद्या लोक म्हणतील, आईलाच माया नाही!"

"बाबा, दुखतंय," मॉरीन म्हणाली. मग म्हणाली, "आई, दुखतंय गं."

अर्नोल्डने बटण दाबलं. मग तो ओरडला, "सोडा तिला, गाढवांनो!" पण आधी बटण दाबलं, हे खरं. तोवर पोरीचा खांदा निखळला होता. डॉक्टरने तो बसवला.

फोटो छापून आला. गावाने चहाबरोबर तो चवीचवीने चघळला, वर "बिचारी" म्हणून उसासेही टाकले. अर्नोल्डला त्या सगळ्यांची शिसारी आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

सोमवारी ब्रेंडा कचेरीत आली. शिव्या घालायला आली असणार, असं समजून तो खाली मान घालून उभा राहिला.

"टॅटरसॉलसाहेब, याची मोठी प्रत हवीय मला. भिंतीवर लावायला. फक्त त्या मेल्याला कापून टाका."

"त्याने तिचा दंड धरलाय, बाई. त्याला कापायचं तर पोरीचा हातही जाईल."

ब्रेंडाने फोटो उजेडात धरून नीट न्याहाळला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्याकडचा राहतोय ना?"