शुक्रवारी सगळं बरं असायचं

नवरा मस्कतला होता आणि दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन यायचा. फोन घरात नवाच आलेला. त्या दुपारपुरतं आमचं पावसचं घर एकदम ठणठणीत व्हायचं. सासूबाई पक्षाघाताने वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, विहिरीचा पंप जळलेला, धाकट्याचा ताप हटत नसलेला. पण फोनवर सगळं झकास; त्याच्या आजारी अम्मासुद्धा 'आता हिंडतात-फिरतात'. परमुलखातल्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आधी सासरे बोलायचे, मग नणंद, मग मुलं. उरलंसुरलं मिनिट माझं. तेवढ्यात मी म्हणायचे, "बरी आहे."

बरी कसली! सकाळी उठायचे तीच दमलेली. सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, शिवाय आंबे उतरवणाऱ्या गड्यांचा चहा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. रोज थोडा वेळ शांत बसत जा." मला हसूच आलं. तरी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसून पाहिलं. टेकलं की आतून हाक यायची आणि चहावर साय धरायची. गोळ्या संपल्या, थकवा होता तिथेच.

एका शुक्रवारी सकाळी सासूबाईंना उचलताना माझे हात सुटले. त्या पलंगाच्या कडेला अडकल्या म्हणून वाचल्या. दोघी घाबरून कितीतरी वेळ एकमेकींकडे बघत राहिलो. दुपारी रिसीव्हर हातात आला तेव्हा नेहमीचे शब्द तोंडातून फुटेनात.

"दमले मी," मी म्हटलं. "अम्मांना आता माझ्याच्याने उचलवत नाही. मदतीला बाई ठेवूया."

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. नणंदेने तर कपाळाला हात लावला.

पलीकडून तो हळूच म्हणाला, "बाई ठेव. माझीपण पाठ गेलीय गो. रोज भिंत धरून उठतंय. घरात सांगू नको."

इतके दिवस लपवलं म्हणून खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. भिंतीला टेकून मी खाली बसले, आणि अंग सैल पडलं. बोलायला दोघांकडेही काही उरलं नव्हतं. फोन ठेवावासा मात्र वाटेना.

"अगो, बोलत का नायस?" सासऱ्यांनी विचारलं. "लाइन कट झाली काय?"

"नाही," मी म्हटलं. "आहे."