देवाचे हातमोजे

काचमावशी आमच्या गल्लीत कधी कचरा मागत नसे. घंटागाडी कोपऱ्यावर गाणं वाजवत उभी राहायची आणि ही पुढे चालत दारोदार एकच विचारायची, "काच हाय का, काच?" मी तुळजापुरात खोली घेतली तेव्हा मला वाटलं, ही रिकाम्या बाटल्या गोळा करते. मी दोन बाटल्या घासूनपुसून दारात आणल्या. तिनं त्या उजेडात धरून पाहिल्या. "धुतल्यास व्हय? बरं केलंस. पर मी फुटलेली इचारत हाय."

तिचं खरं नाव मला माहीत नव्हतं. गल्लीतली पोरं काचमावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पन्नाशीची, किडकिडीत बाई. लुगड्यावर ठेकेदारानं दिलेला ढगळ खाकी कोट आणि हातात कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे. त्या हातमोज्यांना तिनं तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली होती.

लोकांना जे कुठे टाकावं कळत नाही, ते तिला हवं असे. फुटके कप, ब्लेड, उडालेले बल्ब, तारीख उलटून गेलेल्या गोळ्या. गाडीच्या कडेला रंगाची एक रिकामी बादली टांगलेली असे, तिच्यात घड्याळातले आणि रिमोटमधले संपलेले सेल. ट्यूबलाइट मिळाली की ती चिंधीत गुंडाळून तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांवर घेऊन जायची. "फुटली की आतलं पांढरं नाकात जातंय," एवढंच सांगायची. हे सगळं ती कचरा डेपोवरच्या एका पत्र्याच्या खोलीत वेगवेगळं लावून ठेवी. ते न्यायला मोठी गाडी येणार होती. मी दोन वर्षं ऐकत होते, येणार आहे.

आमच्या घरमालकीणबाई एकदा तिला म्हणाल्या, "मावशी, कशाला जिवाला त्रास? शेवटी सगळं एकाच ढिगावर जातं."

"जात असंल," ती म्हणाली. "माझ्या हातनं न्हाय जात."

हे ती अभिमानानं म्हणाली असं मला वाटलं नाही. फार दमलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली होती.

तिची एक रीत मात्र मला कळत नसे. निर्माल्याची पिशवी आली की ती चपला बाजूला काढायची, हातमोजे उतरवून गाडीच्या दांडीवर अडकवायची आणि मोकळ्या हातानं फुलं निर्माल्याच्या वेगळ्या बादलीत ओतायची. मग हात घालून उदबत्तीची पुडकी, दोरे, कापराच्या पिशव्या वेचून काढायची. देवीच्या गावात निर्माल्य फार, त्याचं खत होतं, त्यात प्लास्टिक चालत नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, इथंच हातमोजे का काढता?"

"देवाचं हाय पोरी. रबरानं कसं धरू?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, तामलवाडीहून दोन आठवडे माझ्या खोलीवर राहायला आले. त्यांच्या पायाला जखम झाली होती, साखरेमुळे भरत नव्हती, आणि सरकारी दवाखान्यात रोज पट्टी करावी लागे. ते सकाळ-संध्याकाळ स्वतःच पोटात साखरेची, म्हणजे इन्सुलिनची, सुई घेत. मी सकाळी प्रॅक्टिकलला जायची, कचरा तेच बाहेर द्यायचे. पाय बरा वाटू लागल्यावर ते गावी गेले. दुसऱ्या दिवशी त्या दोन आठवड्यांत साठलेली निर्माल्याची पिशवी मी दारात दिली.

मावशीनं आमची आणि शेजारच्या दोन घरांची अशा तिन्ही पिशव्या एकदमच बादलीत ओतल्या. हात घातला आणि पटकन मागे घेतला. बोटाला रक्त होतं. झेंडूच्या पाकळ्यांतून तिनं एक बारीक सुई वर काढली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. नळाखाली बोट धरून बराच वेळ उभी राहिली.

मी आत जाऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, सुया कुठं टाकत होतात?"

"निर्माल्यात," ते सहज म्हणाले. "कचऱ्यात त्या बाईच्या हाताला लागल्या असत्या. देवाचं कोण कशाला चिवडतंय?"

मी फोन ठेवला. मागच्याच परीक्षेत मी घरातल्या घातक कचऱ्यावर उत्तर लिहिलं होतं. अणकुचीदार वस्तू जाड झाकणाच्या डब्यात साठवाव्यात, असं त्यात होतं. उत्तर बरोबर होतं. पण अण्णा सुया कुठे टाकतात हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या रक्तातून एचआयव्ही लागू नये म्हणून दवाखान्यात मावशीला अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. सुई कुणाची ते कळलं आणि त्या माणसाचं रक्त तपासलं, तर कदाचित गोळ्या लागणार नाहीत, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. हे तिनंच ओट्यावर बसून आम्हाला सांगितलं. "डॉक्टर इचारतंय, कुणाची सुई? म्या म्हणलं, देवाच्या पिशवीत व्हती."

घरमालकीणबाई हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी घाबरले. खोली जाईल, गल्लीत बोलतील, आमच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात आलंय आणि असं वागलंय, असे विचार येत राहिले. मावशी रोज यायची. गोळ्यांनी तिला मळमळायचं. दोन घरं झाली की ती खाली बसायची. "काच हाय का" हे आता एकदाच म्हणायची. आपण उद्या सांगू, असं मी रोज ठरवायची.

अकराव्या दिवशी ती आमच्या दारापुढे ओकली. मी पाणी आणून दिलं. तिनं चूळ भरली. मी म्हणाले, "मावशी, ती सुई आमच्या अण्णांची होती."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "कवा येतील ते?"

दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या एसटीनं आले. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसली, मधे मी. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "बाई, तुमच्या हाताला लागू नये म्हणूनच तिथं टाकली व्हती."

"व्हय," मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्या हाताची काळजी समद्यांलाच. फकस्त मला कुणी इचारत न्हाय."

अण्णांचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टरांनी मावशीच्या गोळ्या बंद केल्या. बाहेर आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "अकरा दिस तोंड जहर झालं व्हतं. पैल्याच दिशी बोलायचंस पोरी." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिला गाडीवर परत जायचं होतं.

त्यानंतर तिच्याकडे हातमोज्यांचा दुसरा जोड दिसू लागला. स्वच्छ धुतलेला, दोन्ही पंजांवर हळदीचं एकेक बोट उमटवलेला. निर्माल्य आलं की ती आधीचे हातमोजे काढायची, हात धुवायची आणि हे घालायची. चपला पूर्वीसारख्याच बाजूला. घरमालकीणबाईंनी विचारलं, "हे काय नवीन?"

"देवाचे हातमोजे," ती म्हणाली. "बाकी कशाला लावत न्हाय."

यंदा ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली. शेवटच्या दिवशी मावशी कोट न घालता आली आणि दारोदार तेच सांगत गेली, "नवीन पोरगा हाय, त्याला ठावं न्हाय. काच येगळी द्या. सेल येगळे द्या." माझ्या दारात थांबून म्हणाली, "तुला सांगाय नको." पत्र्याच्या खोलीतल्या मालाचं काय, असं मी विचारलं. "हाय तिथंच. गाडी येनार हाय म्हणं."

ती कुठे राहायची हे मी कधी विचारलं नव्हतं. नंतर दोनदा डेपोवर गेले. पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं आणि तिथल्या माणसालाही काही सांगता आलं नाही.

अण्णा आता सुया जाड बाटलीत टाकतात. बाटली भरली की मी ती गावाहून आणून दवाखान्यात नेऊन देते. तसं दिल्याचं कळवायला फोन केला की ते प्रत्येक वेळी विचारतात, "त्या बाईंचा हात कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हणते.