भिंगरीची भाकर

मी डॉक्टर नाही. संगमनेरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माणसांच्या आजारांवर लिहिणारे जाणकार असताना मी कुत्रीच्या पिल्लावर लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. पण आमच्यासारखंच कुणी आज असं पिल्लू मांडीवर घेऊन बसलं असेल, त्याच्यासाठी लिहितो.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आमच्या पिल्लाला, भिंगरीला, बेरियम पाजलं. एक्स-रेमध्ये पांढरं दिसणारं ते औषध असतं. फोटोत ते घशातून उतरलं होतं आणि हृदयाजवळ येऊन फुग्यासारखं साठलं होतं.

"पर्सिस्टंट राइट एऑर्टिक आर्च," मॅडम म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर चित्र काढलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी डावीकडे हवी, हिची जन्मतःच उजवीकडे होती. त्यामुळे एका दोरीसारख्या तंतूचा अन्ननलिकेला फास बसला होता. दूध त्यातून जात होतं, भाकर अडकत होती.

हे आईमुळे कळलं. राजूरजवळच्या आमच्या गावी भिंगरीला भाकर सुरू केली तशी ती खाल्लेलं बाहेर टाकू लागली. मी दोन आठवडे तिला उलटीचं औषध दिलं. दवाखान्याच्या फॉर्मवरही 'उलट्या' असंच लिहिलं. मागं उभी असलेली आई म्हणाली, "उलटी न्हाई मॅडम. पोटाला हिसका न्हाई, आंबट वास न्हाई. गिळली तशीच येती भाकर. पोटात गेलीच न्हाई ती." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याऐवजी आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुम्हीही औषध देण्याआधी एवढं नीट बघा. मी बघितलं नव्हतं.

"छाती उघडून तो तंतू कापावा लागेल," मॅडमनी सांगितलं. "टेबलावर जीव जाऊ शकतो. आणि फुगलेली नळी पूर्ण बसेलच असं नाही."

गावी माझे चुलते, तात्या, म्हणाले, "कुत्र्याची छाती उघडत्यात व्हय? गावात लई पिल्लं हायेत. दुसरं आणू." तुम्ही आजारी पडलात तर दुसरे तात्या आणू का, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा बोललो नाही. आता लिहितो.

ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर सही मी केली. आजवर माझ्या फॉर्मवर दुसरं कुणीतरी सही करायचं. दरवाजाबाहेरच्या बाकावर आई माझ्याशेजारी बसली होती. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तंतू कापला. आता खरं काम तुमचं."

ते काम म्हणजे पातळ पेज भरवायची, तीही पिल्लाला उभं धरून. नंतर थोडा वेळ तसंच उभं ठेवायचं, म्हणजे अन्न आपल्या वजनानं खाली उतरतं. आईनं टोमॅटो भरायचं प्लास्टिकचं कॅरेट उभं करून त्यात गोणपाट कोंबलं आणि भिंगरीला त्यात उभं केलं. भरवून झालं की तिला खांद्यावर घेऊन फिरायची. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "बारसं कवा हाय गं?"

"तू आहेर घिऊन ये, मंग ठरवू," आई म्हणाली.

मला कुणी लाज वाटते का विचारलं तर नाही वाटत. जीव लहान आहे म्हणून त्याचं दुखणं लहान होत नाही.

परीक्षेसाठी मी संगमनेरला परतलो. पेज घट्ट केली की अजूनही परत येत होती. दोनदा असं झालं. मॅडम फोनवर म्हणाल्या, घाई नको, काहींना जन्मभर उभंच भरवावं लागतं. मी ठरवलं, जन्मभर तर जन्मभर.

काल दुपारचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, तर तात्यांचा फोन. आमच्या घरी रेंज नाही, फोनसाठी टेकाडावर चढावं लागतं आणि तात्यांचे गुडघे दुखतात. ते धापा टाकत होते.

"तुझ्या कुत्रीनं माझ्या ताटातली भाकर पळवली."

"किती खाल्ली?"

"आख्खी. खाली मातीत बसून. जेवण टाकून तिच्याफुडं बसून हुतो, परत येती का बघत. न्हाई आली. आता उन्हं कलली."