फ्लेक्ससारखी साईट

ये गं बाये, अशी जवळ बस. तू पुण्यात अन् मी शिनोलीत, तरी बस. आधी थोडी रागावते. आपल्या पावण्यांच्या खोल्यांची वेबसाईट करताना तू म्हणाली होतीस, "आत्या, मजकूर टाईप करून टाकू, चित्रात नको." मी हट्ट धरला, तर एवढ्या लवकर का ऐकलंस? आत्याशी भांडायला काय झालं होतं तुला?

मला साईट फ्लेक्ससारखी हवी होती. आपल्याकडं वाढदिवस असो की दुकानाचं उद्घाटन, फ्लेक्स लागल्याशिवाय खरंच वाटत न्हाई. म्हणून फ्लेक्सवाल्याकडनंच सगळं करून घेतलं. लाल-पिवळी अक्षरं, मासवडीचं ताट, खोल्यांचे दर, फोन नंबरसुद्धा चित्रातच. तू बिचारी ती चित्रं एकाखाली एक चिकटवून मोकळी झालीस. मी गावभर मिरवले.

गेल्या आठवड्यात दुपारी मासवड्या कापत होते, तर दारात एक बाई. हातात पांढरी काठी. दिसत नव्हतं तिला. माझा जीव लई कळवळला. हाताला धरून जवळजवळ ओढतच आत आणलं, पुढ्यात ताट ठेवलं.

जेवून तिनं विचारलं, "एका ताटाचं किती घेता?"

"तुमच्याकडनं कसलं पैसं घ्यायचं, ताई? देवानं आधीच तुमच्यावर..."

"देवाला कशाला मधे घेता, मावशी?" ती हसली. "मी गिऱ्हाईक आहे."

मंचरला बँकेत नोकरी करते ती. ऑफिसची मंडळी भीमाशंकरला निघालेली, मुक्काम ठरवायचं काम तिच्याकडं. घोडेगावला माहेरी आलेली, म्हणून मुद्दाम इथवर आली. तिचा मोबाईल पडद्यावरचं टाईप केलेलं मोठ्यानं वाचून दाखवतो, चित्रातलं न्हाई. तिनं आपली साईट उघडली, बोट फिरवलं. मोबाईल म्हणाला, "इमेज." बोट खाली नेलं. "इमेज." आणखी खाली. "इमेज."

"तुमची साईट माझ्याशी एवढंच बोलते," ती म्हणाली. "नंबर कळला असता तर फोन नसता का केला?"

तिला दिसत नव्हतं, तरी तिच्यासमोर माझी मान वर होईना. जिला मी फुकट जेवू घालून पुण्य गाठीला बांधत होते, ती अख्खं ऑफिस घेऊन यायला निघाली होती, अन् दार मीच लावून ठेवलं होतं.

"दुकानाची पायरी उंच असली, तर माघारी फिरणारं माणूस निदान दिसतं," ती चहा पिता पिता म्हणाली. "साईटवरनं फिरलेलं दिसतही नाही."

मला तुझा बाप आठवला. आणे गावाहून फोनवर म्हणाला होता, "अक्का, आमच्याकडं रेंज न्हाई, तुझी चित्रं उघडत न्हाईत. उघडली तर अक्षरं बारीक." मी म्हणाले होते, "चष्मा बदल." असे किती पावणे परत गेले असतील गं? खोल्या रिकाम्या राहिल्या की मी रस्त्यावरच्या नव्या हॉटेलाला बोल लावत बसायची.

ताटाचे पैसे तिनं दिलेच. बुकिंग मात्र केलं न्हाई. "आमच्यात माझ्यासारखे आणखी आहेत. सगळं त्यांनी माझ्याच तोंडून का ऐकावं? साईट वाचता आली की फोन करा, मग ठरवू."

एस.टी.पर्यंत सोडायला निघाले. तिचा हात धरायला पुढं झाले अन् थांबले. "कशी चालू तुमच्याबरोबर?" विचारलं. तिनंच माझं कोपर धरलं.

तेव्हापासून बसून सगळं टाईप केलंय. दर, जेवण, नंबर, खोलीला पायऱ्या कुठं आहेत तेही. फोटोत काय दिसतं ते फोटोखाली लिहिलंय: ताटात मासवडी, वाटीत रस्सा, शेजारी बाजरीची भाकरी. पण साईटवर चढवायला मला जमेना. तोवर तिला फोन लावायचं मला तोंड न्हाई. या रविवारी ये गं बाये. अन् या खेपेला मी काही हट्ट केला, तर भांड माझ्याशी.