वर्गाच्या दाराशी काढलेले बूट

मुंबईच्या कॉलेजात पहिलं व्याख्यान मी अनवाणी दिलं. आता पुतण्या तिथं शिकवतो. सकाळी तो बुटांना तेल चोळायला बसला, की त्या कातड्याच्या वासानं मला तो दिवस आठवतो.

मी कल्याणच्या शास्त्रीबुवांकडे शिकलेला; पोथी दिसली की पायताण दाराशी. त्याच सवयीनं, कॉलेजात आहोत हे विसरून, नवेकोरे बूट वर्गाबाहेर काढले. पोरं खिदळली. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "प्रोफेसराला हे शोभत नाही. उद्या बूट घालून शिकवा, नाहीतर येऊ नका."

'विसरलो' म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. पण मी ताठ्यात म्हणालो, "विद्येपुढे मी जोडा घालणार नाही. उद्यापासून येतही नाही!" आजही तेच म्हणेन. विसरभोळेपणातून का होईना, तत्त्व सापडलं ते खरंच होतं.

त्याच तोऱ्यात, बूट काखेत मारून, ठाण्याच्या स्टेशनापासून टेंभी नाक्यावरून अनवाणी घरी आलो आणि नोकरी सोडल्याचं छाती काढून बायकोला सांगितलं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"विद्येचा मान राखलात ना? मग माझ्या सारवणाचाही राखा. आधी पाय धुऊन या!"