तीन बोटे जाड

पास्कल खाटकाकडून मांस तीन बोटे जाड कापून घेत असे, तेही हाडासकट. खाटीक दर रविवारी कुरकुरे, "पास्कू, हा तुकडा शिजायचा कधी?" पास्कलचे उत्तर ठरलेले असे: "तुला घाई हाय? मला नाय."

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अंधेरीला, मरोळच्या गावठाणालगत आमची सोसायटी उभी राहिली. कुंपणापलीकडे पास्कलचे कौलारू घर होते. तो तिथलाच मूळ रहिवासी, ख्रिस्ती, घरी मराठी बोलणारा. उमेदीची वर्षे जहाजावर आचारी म्हणून काढलेली. रविवारी चर्चमधून आला की तो अंगणात कोळशाची शेगडी पेटवी. लोखंडी पिंप उभे चिरून त्याने ती स्वतः केली होती. तिचा धूर आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांत शिरे. शाकाहारी कुटुंबांनी तक्रार केली. मी सेक्रेटरी होतो. पत्र लिहिले आणि स्वतःच घेऊन गेलो. अप्रिय काम दुसऱ्यावर ढकलण्याची मला सवय नाही.

तो उठला नाही. "बसा सेक्रेटरी. हातातलं झालं की वाचतो."

"किती वेळ लागेल?"

"तास."

मी दहा मिनिटे उभा राहिलो. मग बसलो.

अंगणातल्या बाकाच्या दोन टोकांना त्याचे दोन मुलगे बसले होते. थोरला इनास वसईहून आला होता. धाकटा मिंगेल बापाजवळ राहत असे. दोघांची लग्ने झालेली, दोघांच्या नजरा दोन दिशांना. पास्कलने सारे निखारे शेगडीच्या एका अंगाला लोटले आणि डुकराच्या बरगडीचे जाड तुकडे दुसऱ्या, रिकाम्या अंगाला मांडले. वर एक जुने घमेले पालथे घातले.

"पप्पा, असं तर संध्याकाळ होईल," मिंगेल म्हणाला.

"जाड तुकडा आगीवर ठेवायचा नाय, आगीजवळ ठेवायचा. हाड आगीकडे. हाड सोसतं, मांस करपतं. शेवटी दोन मिनिटं आगीवर न्यायचा, रंगापुरता."

इनास बापाकडे पाहून म्हणाला, "त्याला सांगा, घमेलं सारखं उचलू नको म्हणावं."

"तो काय बोटीवर हाय? हा बसलाय. तूच सांग."

इनासने नजर पुन्हा कुंपणाकडे वळवली. पण पाऊण तासाने मिंगेलने पुन्हा घमेल्याला हात घातला, तेव्हा इनासच्या तोंडून गेलेच, "अरे, ठेव ना खाली."

"बरं," मिंगेल म्हणाला. त्या तासातले दोघांचे संभाषण एवढेच.

मुलगे ताटल्या आणायला आत गेले, तेव्हा पास्कल हलक्या आवाजात बोलला. "मोठा म्हणतो, घर बिल्डरला देऊ. धाकटा म्हणतो, मी जिता हाय तोवर नाय. दोन वर्षं एकमेकांशी बोलत नायत. पातळ तुकडा दहा मिनिटांत होतो, सेक्रेटरी. खाल्ला की दोघं दोन वाटांना. जाड असला की तासभर बसावं लागतं. तासात एखादा शब्द तरी पडतो." मग त्याने हात पुसून पुढे केला. "आणा तुमचं पत्र."

"पुढे पाहू," मी म्हणालो आणि पत्र खिशात ठेवले.

घरी पत्नीने विचारले, "दिलंत पत्र?"

"नाही."

"मग?"

"निघताना शेगडी कोपऱ्यात हलवायला सांगितली आहे."

त्या कोपऱ्यावर एकच गॅलरी होती. आमची. पुढची पाच वर्षे रविवारी सकाळी अकराला मी खिडक्या लावून घेत असे. काचेतून अंगण दिसे. त्याने मला मांसाचा आग्रह कधी केला नाही. कुंपणावरून चहाचा कप मात्र नेमाने येई.

एकदा वाद पेटला. इनास ताडकन उठला आणि फाटकापर्यंत गेला. पास्कलने मान वळवली नाही. म्हणाला, "आता उलटायचं हाय. माझा हात कापतो. चिमटा कोण धरतं?" इनास फाटकाची कडी सोडून परत आला आणि त्याने चिमटा घेतला. तुकडे उतरल्यावर पास्कलने सुरीला हात लावू दिला नाही. "अजून नाय. लगेच कापलं तर रस वाहून जातो." आणखी दहा मिनिटे त्याने अशी मिळवली.

एका मंगळवारी पास्कल हृदयविकाराने गेला. घराचा प्रश्न सुटलेला नव्हता. दफनाला मी गेलो होतो. कबरीशीही भाऊ दोन बाजूंना उभे होते. पुढचे तीन रविवार शेगडी पेटली नाही.

चौथ्या रविवारी मी सवयीने खिडकी लावायला गेलो. मिंगेल शेगडी फुंकत होता. फाटकातून इनास आला, हातात कागदात बांधलेला पुडा.

"निखारे सगळीकडे पसरू नको," तो म्हणाला. "एका अंगाला कर."

"माहीत आहे मला. तू चिमटा धर."

मध्ये कोणी नव्हते. इनासने पुडा सोडला. तुकडे तीन बोटे जाड होते.

घराचे पुढे काय करणार, हे मी त्यांना विचारले नाही. पत्नी मागून म्हणाली, "धूर येतोय. खिडकी लावायची नाही का?"

"तासभर राहू दे," मी म्हणालो.