नरसाळं धरणारा डायवर

"सिस्टरबाई, चालून राह्यलं नं?"

दर मिनिटाला हा प्रश्न. उत्तर दिलं तरी तोच, न दिलं तरी तोच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना खुर्ची दिली तर खुर्चीच दमते. पांढरकवड्याच्या एका लहानशा दवाखान्यात मी तेव्हा नवी नर्स होते, आणि हा प्रश्न विचारणारा हैद्राबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा.

त्याची बायको अवेळी बाळंत झाली होती आणि तापानं फणफणत वॉर्डात पडली होती. मुलगी एवढीशी, तिला ओढून प्यायचं बळच नव्हतं. आईचं दूध वाटीत काढायचं आणि नाकातून पोटापर्यंत घातलेल्या रबरी नळीनं पाजायचं. नळीच्या टोकाला काचेचं नरसाळं. ते धरायला मी तिसरा हात कुठून आणणार? बायकांच्या वॉर्डात पुरुष नको, हा नियम मीच मोडला आणि नरसाळं त्याच्या हाती दिलं.

"तुमच्या छातीच्या वर न्यायचं नाही. दूध भरकन गेलं तर गुदमरेल ती."

"जीव गेला तरी नाई नेत."

नेलंही नाही. हात जागच्या जागी, पाय मात्र नुसते नाचताहेत. पाजून झालं की खिडकीशी, खिडकीतून ट्रककडे, ट्रककडून परत पाळण्याशी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्या मात्र त्याची येरझार डोक्यात जायची. एकदा मी खेकसले, "अहो, बसा एका जागी!" तो बसला आणि लगेच उठला.

"बसलो का वाटते, पोरीचा श्वास बंद पडन."

एके सकाळी दूध नळीत अडकलं. मी पलीकडच्या खाटेशी होते. वळून बघते तर यानं नरसाळं काढून नळीचं टोक तोंडात धरलेलं आणि ओढतोय! मी धावले, हातावर फटका मारला. पण त्या ओढाताणीत नळी सरकली होती. मुलगी खोकत होती, ओठ काळेनिळे. नळी बाहेर काढली, पाठ चोळली, तेव्हा कुठे ती रडली.

"डिझलची लाइन हवा धरते तवा असंच करतो नं, बाई," तो पुटपुटला. मग बाहेर जाऊन कडुनिंबाखाली भडभडून ओकला. हसावं की रडावं, मला कळेना.

पुढच्या पाजण्याला तो दारातच थबकला. "मले नका देऊ. माह्या हातून मरन ते."

मलाही भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू? पण दुसरं होतं कोण? मी नवी नळी घातली आणि नरसाळं त्याच्या हातात कोंबलं.

ट्रकमालकाचा माणूस सारखा दारात यायचा. बायको खाटेवरून म्हणायची, "तुमी जा नं वो, मालक दुसरा डायवर ठेवन."

"ठेवू दे," हा म्हणायचा. नजर काचेतल्या दुधावर. दूध खाली उतरलं की याचा श्वास सुटायचा.

हळूहळू बायकोचा ताप उतरला. मुलगी जीभ हलवायला लागली. आईच्या अंगाला लावली तर दोन घोट ओढून दमून झोपली. दुसऱ्या दिवशी जरा जास्त ओढलं. असं करत करत एका दुपारी मी नळी कायमची काढली, गालावरची चिकटपट्टी सोडवली, तोंड पुसलं आणि पोटभर प्यालेली मुलगी त्याच्याकडे दिली.

तो बघतच राहिला. इतके दिवस त्यानं बघितलं होतं ते फक्त दूध.

"सिस्टरबाई, इची हनुवटी... हे तं माही मायच हाये वो!" मग अगदी हळू आवाजात, "हे पहिलेपासून अशीच होती काय?"

"पहिलेपासून," मी म्हटलं, आणि मलाच रडू आलं.

बाहेर मालकाचा माणूस भोंगा वाजवून वाजवून थकला. हा मुलीला घेऊन खिडकीशी उजेडात गेला होता आणि आता तिचे कान बघत होता.